बर्फाच्या कोटेशनसाठी घरबसल्या मोजणी

कॅनडात ब्रॅम्प्टनला माझ्या दिरांचा बर्फ काढायचा धंदा आहे. प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलायची गाडी, ते चालवतात, कोटेशन मी काढते. उन्हाळा सरत आला की प्लाझावाल्यांचे, टाउनहाउसवाल्यांचे मेल सुरू होतात. दर ठिकाणी मोजायचं चाक घेऊन फिरणं परवडत नाही, म्हणून पहिली मोजणी गूगल अर्थ प्रोवर. कॉम्प्युटरवर टाकायचं, जमिनीचे वरून घेतलेले फोटो दाखवणारं हे सॉफ्टवेअर २०१५ पासून फुकट आहे. पैसे घेऊन ताजे आणि जास्त स्पष्ट फोटो देणाऱ्या सेवाही आहेत, पण चार-पाच प्लाझांसाठी मी तरी तो खर्च करणार नाही.

पत्ता टाकलात की आधी डावीकडचे ‘टेरेन’ आणि ‘थ्रीडी बिल्डिंग्ज’ बंद करा आणि ‘आर’ दाबा, म्हणजे उत्तर वर येते आणि जागा सरळ वरून दिसते. तिरक्या चित्रावर कड आखायला जाऊ नका.

मग फोटोची तारीख बघा, ती खालच्या पट्टीत असते. घड्याळाच्या चित्रावर टिचकी मारली की जुने फोटो उघडतात. त्यातला मेपलला पानं फुटायच्या आधीचा, एप्रिलच्या सुमाराचा शोधा. जुलैच्या फोटोत झाडाखालचा कर्ब (कडेची सिमेंटची पट्टी) दिसतच नाही. आखायचं एप्रिलच्या फोटोवर, आणि मग सगळ्यात ताज्या फोटोवर ताडून बघायचं, कारण मधल्या काळात कोणी ड्राइव्ह-थ्रू वाढवलेला असतो.

माप बरोबर येतंय का याची खात्री पार्किंगच्या पट्ट्यांवरून होते. इथे गाडीची एक जागा साधारण २.६ ते २.७ मीटर रुंद असते. दहा जागांची ओळ २६-२७ मीटरच्या आसपास भरली तर पुढे जा.

आता आखणी. रूलरने नको, ‘अ‍ॅड पॉलिगॉन’ने करा. आकृती सेव्ह होते आणि ‘मेझरमेंट्स’मध्ये क्षेत्रफळ चौरस फुटांत मिळतं. इमारतीपाशी छपराची कड धरू नका, भिंत जमिनीला टेकते ती रेघ धरा. उंच इमारत फोटोत एका बाजूला कललेली दिसते, आणि मागची अरुंद गल्ली त्या कलण्याखाली गडप होते.

सगळ्या जागेचा एकच आकडा काढून दर लावणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. प्लाऊ जिथे फिरतो तो पार्किंगचा लॉट वेगळा, फावड्याने काढायचे साइडवॉक आणि पायऱ्या वेगळ्या, माल उतरवायचा लोडिंग डॉक वेगळा. प्रत्येकाला वेगळा रंग द्या. शंभर फूट साइडवॉकला जी माणसाची मेहनत लागते ती लॉटच्या दरात बसत नाही. लॉटमधली झाडांची बेटं वजा करा. समजा लॉट ३२,५०० चौरस फूट भरला आणि बेटं २,५००, तर उरले ३०,०००. (माझं डोकं अजून गुंठ्यातच चालतं: १,०८९ ने भागलं की साडेसत्तावीस गुंठे. दीर म्हणतात, “वहिनी, गिऱ्हाइकाला एकर सांगा.”)

या लॉटवर दोन इंच बर्फ पडला तर तो ५,००० घनफूट होतो. ढिगात दबला तरी जागा लागतेच, आणि ती आत्ताच नकाशावर दाखवायची. हायड्रंट, फायर रूट (आगीच्या बंबाची वाट), अपंगांच्या जागा आणि पाणी वाहून जायच्या जाळ्या सोडून द्या. ढीग लॉटच्या उताराच्या खालच्या अंगाला हवा. वरच्या अंगाला ठेवलात तर दुपारी वितळलेलं पाणी गाड्यांखालून वाहतं, रात्री गोठतं आणि बर्फ वितळायला टाकलेलं तुमचं मीठ फुकट जातं. उणे १० अंश सेल्सिअसच्या खाली तर साधं मीठ जवळजवळ कामच करत नाही.

पण उतार नेमका कुठे आहे, स्पीड बंप किती, कर्ब कुठे आधीच तुटलाय, हे वरून कळत नाही. म्हणून सही करण्याआधी एक चक्कर मारायचीच. तुटक्या कर्बचे फोटो तारखेसह काढून ठेवा, नाहीतर मार्चमध्ये ते बिल तुमच्या प्लाऊवर येतं.

रंगीत नकाशा कोटेशनला जोडा. किती सेंटिमीटर बर्फ साचल्यावर गाडी निघणार तेही लिहा. आम्ही ५ लिहितो. आणि नकाशाखाली एक ओळ हवीच: रंग नसलेला भाग या दरात धरलेला नाही.