घरातल्या एकाच मांजराला पथ्याचे खाद्य देताना

तीन-चार मांजरांच्या घरात एकाला मूत्रपिंडाचा विकार असल्याचे निदान होते, पशुवैद्य पथ्याचे खाद्य लिहून देतात आणि घरच्यांची खरी अडचण त्याच संध्याकाळी सुरू होते; कारण आजारी मांजराला शेजारच्या वाटीतले खाद्य हवे असते आणि निरोगी मांजरांना नेमके आजारी मांजराचे. आजारी मांजराच्या वाटीत योग्य खाद्य घातले म्हणजे पथ्य पाळले गेले, असे होत नाही. घरातल्या सगळ्याच मांजरांच्या जेवणाची पद्धत बदलावी लागते आणि ती बदलायला सुरुवात निरोगी मांजरांच्या वाट्यांपासून करावी लागते. येथे मुख्यतः मूत्रपिंडाच्या रुग्णाचे उदाहरण घेतले आहे, कारण वय झालेल्या मांजरांमध्ये हा विकार वारंवार आढळतो.

पहिल्याच भेटीत पशुवैद्यांना दोन प्रश्न विचारावेत. पहिला असा, की हे पथ्य किती काटेकोर आहे? मूत्रपिंडाच्या खाद्यात फॉस्फरस कमी आणि प्रथिने बेताची असतात. इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी या प्राण्यांच्या मूत्रपिंडविकारांवर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संस्थेने या विकाराचे चार टप्पे मानले आहेत आणि साधारणपणे दुसऱ्या टप्प्यापासून हे खाद्य सुचवले जाते. त्याचा लाभ दीर्घकाळच्या एकूण आहारातून मिळत असल्यामुळे एखादा चोरलेला घास सगळ्यावर पाणी फिरवत नाही, पण रोजची चोरी मात्र फिरवते. खाद्याच्या अ‍ॅलर्जीची चाचणी चालू असेल तर गोष्ट वेगळी आहे: तिथे साधारण 8 आठवडे ठरलेल्या खाद्याखेरीज काहीही पोटात जाऊ नये, कारण एका घासानेही चाचणीचा निष्कर्ष बिघडू शकतो. मूतखडा स्ट्रुव्हाइटचा असेल तर तो योग्य खाद्याने विरघळू शकतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा विरघळत नाही; म्हणून खडा कोणता हे कळल्याशिवाय स्वतःच्या मनाने मूत्रविकाराचे खाद्य सुरू करू नये. मधुमेही मांजराचे खाद्य बदलले की इन्सुलिनची गरजही बदलते, त्यामुळे तो बदल पशुवैद्यांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा.

दुसरा प्रश्न असा, की हे खाद्य इतर मांजरांनी खाल्ले तर चालेल का? मूत्रविकाराची काही खाद्ये घरातल्या सर्व प्रौढ मांजरांना देता येतात आणि पशुवैद्यांनी तशी मुभा दिली तर वेगळ्या वाट्यांचा प्रश्नच मिटतो. मूत्रपिंडाच्या खाद्याचे तसे नाही. निरोगी प्रौढ मांजराने दोन-चार घास खाल्ल्याने त्याचे बिघडत नाही, पण वाढत्या पिल्लांना, गाभण किंवा पाजणाऱ्या मांजरीला प्रथिने आणि फॉस्फरस पुरेसे लागतात, म्हणून त्यांचा नेहमीचा आहार म्हणून ते देऊ नये.

यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे दिवसभर भरून ठेवलेली वाटी बंद करणे. ती जोवर आहे तोवर कोणते मांजर काय आणि किती खाते हे कळूच शकत नाही. मांजराला थोडे थोडे, अनेकदा खाण्याची सवय असते. त्यामुळे एकदम दोन वेळांवर आणण्याऐवजी तीन किंवा चार ठरलेल्या वेळा ठेवाव्यात आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू तिथवर यावे. प्रत्येक जेवणाला वीस ते तीस मिनिटे पुरतात. त्यानंतर वाट्या उचलाव्यात. खाद्य वाटीने किंवा मुठीने न मोजता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजावे. घरात राहणाऱ्या 4 किलो वजनाच्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 किलोकॅलरी लागतात आणि बहुतेक कोरड्या खाद्यात 100 ग्रॅमला 350 ते 400 किलोकॅलरी असतात, म्हणजे पूर्ण दिवसाचे खाद्य जेमतेम 50 ते 70 ग्रॅम भरते. नेमका आकडा पाकिटावर पाहून पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावा.

जेवणाच्या वेळी मांजरांमध्ये बंद दार असणे हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय आहे. लहान फ्लॅटमध्येही एक झोपायची खोली, स्वयंपाकघर किंवा जाळी लावलेली बाल्कनी एवढे मिळते. रुग्ण बहुधा वयस्कर आणि सावकाश खाणारा असतो, म्हणून शांत खोली त्याला द्यावी, तिथे पाणीही ठेवावे. पण बंद खोलीत तो ओरडत राहून खात नसेल तर त्याला मोकळे ठेवून इतरांना आत घ्यावे. दार उघडण्याआधी सगळ्या वाट्या उचलून आजूबाजूला सांडलेले दाणे पुसून घ्यावेत. ही पुसण्याची पायरीच नेमकी घाईत राहून जाते. रुग्णाचे सांधे दुखत असतील आणि तो उंच उडी मारत नसेल तर इतरांचे खाद्य उंच फळीवर ठेवण्याची युक्ती चालते.

दिवसभर घरी कोणी नसेल तर मायक्रोचिप ओळखणारे खाद्यपात्र उपयोगी पडते. मांजराच्या कातडीखालची चिप किंवा गळपट्ट्यातला टॅग ओळखूनच त्याचे झाकण उघडते. ते महाग आहे, आणि धीट बोका रुग्णाच्या कडेने डोके घालू शकतो, म्हणून पात्र भिंतीच्या कोपऱ्यात किंवा दोन्ही बाजूंनी आडोसा करून ठेवावे. सुरुवातीला झाकण उघडेच ठेवून मांजराला त्याच्या हालचालीची आणि आवाजाची सवय होऊ द्यावी.

नव्या खाद्याची सवय लावताना घाई करू नये. रुग्णाला मळमळ किंवा उलट्या होत असतील तर आधी त्यावर उपचार व्हावेत. त्या दिवसांत दिलेल्या खाद्याचा मांजर कायमचा तिटकारा धरू शकते. जुन्या खाद्यात नवे अगदी थोडे मिसळून दोन ते चार आठवड्यांत प्रमाण वाढवावे. ओल्या खाद्यात बहुतांश पाणी असते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते आवडत असेल तर अधिक चांगले. फ्रिजमधले पाउच कोमट करून दिले तर वास खुलतो. एका कंपनीचे खाद्य नाकारले म्हणून प्रयत्न सोडू नये. रॉयल कॅनिन, हिल्स, फार्मिना अशा अनेक कंपन्या मूत्रपिंडाचे खाद्य बनवतात आणि त्यांच्या चवीत फरक असतो.

भूक लागली की आपोआप खाईल, हा विचार मांजराच्या बाबतीत धोक्याचा आहे आणि हे मला अगदी ठासून सांगावेसे वाटते. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जीवावर बेतू शकते. चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यांना कळवावे आणि तोवर जुने खाद्य खात असेल तर तेच द्यावे. पथ्य मोडले तरी ते पुन्हा सुरू करता येते.

घरातल्या माणसांचाही प्रश्न तितकाच मोठा आहे. आजीने प्रेमाने दिलेले दूध, मासे साफ करताना टाकलेली मांदेली, सुकटाची चिमूट, गोळी लपवायला वापरलेला खाऊ हे सगळे आहारातच मोजले जाते. सुक्या माशांत मीठ आणि काट्यांसकट फॉस्फरस भरपूर असतो, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते देऊच नयेत. कोणाला काही द्यायचेच असेल तर पथ्याच्याच खाद्याचे मोजून बाजूला काढलेले चार दाणे द्यावेत, म्हणजे देणाऱ्याचे मनही मोडत नाही. कोणाला काय चालते याचा कागद फ्रिजवर लावावा, घरकामाला येणाऱ्या ताईंना आणि जिन्यात मांजरांना खाऊ घालणाऱ्या शेजाऱ्यांना समजावून सांगावे. गावाला जाताना प्रत्येक जेवणाचे खाद्य मांजराचे नाव आणि वेळ लिहिलेल्या वेगळ्या पुड्यांत बांधून ठेवावे.

सर्व मांजरांचे वजन दर आठवड्याला, शक्यतो बाळांच्या काट्यावर, करून लिहून ठेवावे. 4 किलोच्या मांजराचे 200 ग्रॅम वजन घटणे म्हणजे पाच टक्के घट असते, आणि ती नुसत्या नजरेला दिसत नाही. अशी घट आढळली तर पुढच्या रक्ततपासणीच्या तारखेपर्यंत न थांबता पशुवैद्यांशी बोलावे. मूत्रविकाराचा बोका ट्रेमध्ये वारंवार बसूनही लघवी करू शकत नसेल तर मात्र वजन, खाद्य, वेळापत्रक सगळे बाजूला ठेवून त्याला त्याच क्षणी दवाखान्यात न्यावे, मग रात्र असली तरी.