गिटारसाठी कोटेड तारा कशा निवडाव्यात? सुरुवात आपल्या हाताच्या घामापासून

जुलैचा दुसरा आठवडा होता. कोथरूडमधल्या माझ्या खोलीत दोरीवरचे कपडे तीन दिवस झाले तरी दमटच. शिकायला आलेल्या मुलाच्या डाव्या हाताच्या बोटांवर काळ्या रेघा उमटलेल्या, आणि बोटांना वास येत होता न घासलेल्या तांब्याच्या भांड्याचा. तारांचा सेट चढवून जेमतेम सोळा दिवस झाले होते. "सर, दुकानात म्हणाले कोटेड घ्या. पण त्यातही चार प्रकार दाखवले. कुठला घेऊ?" कोटेड म्हणजे वरून संरक्षक थर दिलेली तार. मी लगेच काही सुचवलं नाही. आधी त्याच्या जुन्या तारा उतरवल्या आणि दोघांनी उजेडात धरून पाहिल्या. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

१. जुनी तार वाचा

तारा उतरवल्या की लगेच फेकू नका. जाड तारेच्या खालच्या बाजूने, म्हणजे फ्रेटला (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) टेकते त्या बाजूने, नख फिरवा. ठरावीक अंतरावर खाचा लागतात का ते बघा. मग रंग बघा. तार फक्त पहिल्या तीन-चार फ्रेटपाशी काळी पडली असेल, तर ती तुमच्या हाताच्या घामाने खराब झाली. टोकापासून टोकापर्यंत, जिथे बोट कधी जातच नाही तिथेही ती मळकट झाली असेल, तर हवेतल्या ओलाव्याचाही त्यात वाटा आहे. आणि रंग चांगला पण खाचा खोल असतील, तर तुम्ही तार जोरात दाबता. अशा वेळी कोटिंगवर पैसे घालून फारसा उपयोग नाही, कारण खाच पाडणारा फ्रेट कोटिंगला जुमानत नाही.

तार मरते म्हणजे नेमकं काय होतं, हे समजलं की पुढची निवड सोपी जाते. जाड तार म्हणजे पोलादी गाभा आणि त्यावर गुंडाळलेली बारीक तार. त्या वेढ्यांच्या फटींत घाम, तेल आणि मेलेली त्वचा साचते. तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, त्यामुळे ती नीट थरथरत नाही. आधी चमक जाते, मग सूर. मोकळी तार सुरात असते, पण बाराव्या फ्रेटवर दाबली की बेसूर लागते. कोटिंगचं काम एवढंच, की हा मळ आणि ओलावा धातूपर्यंत पोहोचू द्यायचा नाही.

२. कोटिंग कुठे आहे ते विचारा

दुकानात "कोटेड आहे का?" एवढंच विचारलं तर उत्तर "हो" येतं आणि आपण फसतो. खरा प्रश्न आहे: थर कशावर दिलाय, आणि किती जाड?

पहिला प्रकार, तार पूर्ण गुंडाळून झाल्यावर वरून पातळ पापुद्रा चढवलेली. हे एलिक्सरचं काम. ही कंपनी गोअरची, म्हणजे पावसाळी जॅकेटांसाठी गोअर-टेक्स कापड बनवणाऱ्यांची, आणि पापुद्रा त्याच कुळातल्या पदार्थाचा. १९९७ मध्ये त्यांनी पॉलिवेब नावाचं कोटिंग आणलं. वेढ्यांच्या फटीच झाकल्या जात असल्यामुळे मळ आत शिरत नाही. पॉलिवेबचा थर जाडसर आहे. तार बोटांना गुळगुळीत लागते, चीं-चीं आवाज कमी होतो, नाद जरा मऊ येतो. नॅनोवेबचा थर त्याहून पातळ, नादही जास्त उजळ. नंतर आलेलं ऑप्टिवेब इलेक्ट्रिक गिटारसाठी आहे आणि साध्या तारेच्या स्पर्शाच्या सर्वांत जवळ जातं.

दुसऱ्या प्रकारात गुंडाळायची बारीक तारच आधी कोट करतात आणि मग गाभ्यावर गुंडाळतात. वेढे बोटांना नेहमीसारखे जाणवतात, पण फटी उघड्या राहतात.

तिसरा प्रकार म्हणजे अतिशय पातळ, पाणी झटकणारी प्रक्रिया केलेल्या तारा. डॅडारिओ या कंपनीच्या एक्सटी तारा या गटात येतात. त्यांच्याच एक्सएसवर मात्र पातळ पापुद्रा असतो, म्हणून ही दोन नावं एकमेकांत मिसळू देऊ नका.

आता माझं मत. ज्याच्या हाताला खूप घाम येतो आणि जो पुण्यात पावसाळाभर वाजवतो, त्याने पापुद्र्याचीच तार घ्यावी, पहिल्यांदा घेत असेल तर नॅनोवेब किंवा एक्सएससारखी पातळ. पॉलिवेब मी फिंगरस्टाइल, म्हणजे थेट बोटांनी तारा छेडून वाजवणाऱ्यांना आणि घरी मोबाइलवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांना सुचवतो, कारण बोट सरकल्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये फार टोचतो. हात कोरडा असेल पण रोज तासन्‌तास वाजवणं असेल, फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमीतल्या मुलांसारखं, तर तिसऱ्या प्रकारात समाधान मिळेल. आणि आठवड्यातून एकदाच गिटार हातात घेणाऱ्याचे हात कोरडे असतील, तर साध्या तारा घेऊन वेळेवर बदलाव्यात. त्यात काही कमीपणा नाही. नव्या साध्या तारेचा पहिल्या चार दिवसांतला झणत्कार मला आजही सर्वांत जास्त आवडतो.

एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगतात. पापुद्रा असतो तो जाड, वेढ्यांच्या तारांवर. अकूस्टिकच्या पहिल्या दोन बारीक तारांना सहसा फक्त गंजरोधक मुलामा असतो. म्हणून पहिली तार तुटली तर अख्खा महागडा सेट टाकून देऊ नका. त्याच जाडीची साधी सुटी तार लावा, काम छान चालतं.

३. बाकी काही बदलू नका

कोटेडकडे वळताना धातू आणि गेज (तारांची जाडी) आधीचेच ठेवा. आधी फॉस्फर ब्राँझ १२-५३ (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) असेल तर कोटेडही तोच घ्या. ८०/२० ब्राँझमध्ये ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त असतं, म्हणजे खरं तर ते पितळच; त्याचा नाद खणखणीत. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्यासोबत कथील आणि किंचित फॉस्फरस, नाद उबदार. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कोटिंगचा की धातूचा, हे तुम्हालाच कळणार नाही. आणि नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारला यातली कुठलीच तार लावू नका. स्टीलच्या ताणाने तिचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, उखडू शकतो.

४. आठवड्याचा हिशेब करा

किंमत साधारण दुप्पट ते तिप्पट असते. समजा साधा सेट ६०० रुपयांचा आणि तो तुमच्याकडे पाच आठवडे टिकतो, तर आठवड्याला १२० रुपये पडले. कोटेड १,५०० चा आणि पंधरा आठवडे टिकला, तर १००. पण साधाच सेट तुमच्या हातात बारा आठवडे टिकत असेल, तर आठवड्याला ५० रुपयेच पडतात, आणि कोटेड परवडायला तो तीस आठवडे टिकावा लागेल. म्हणून साधा सेट किती टिकतो हे आधी मोजा.

५. पाकीट तपासून घ्या

नामांकित तारांच्या नकला बाजारात आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीने निम्म्या किमतीत मिळाला म्हणून ऑनलाइन सेट मागवला. दहा दिवसांत तारा गंजल्या. छपाई पुसट आहे का, पाकीट नीट सीलबंद आहे का, तारांच्या जाडीचे आकडे लिहिलेत का, हे बघा. डॅडारिओच्या तारांच्या टोकाचे मणी रंगीत असतात. पहिली रुपेरी, दुसरी जांभळी, तिसरी हिरवी, चौथी काळी, पाचवी लाल, सहावी पितळी. शक्य असेल तर पेठेतल्या ओळखीच्या वाद्यांच्या दुकानातून बिलासकट घ्या.

६. चढवताना आणि नंतर

खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात. जास्तीची तार कापण्याआधी ती काटकोनात मुडपून घ्या, म्हणजे गुंडाळी सैल होत नाही. पकडीने पापुद्रा ओरबाडू नका.

पहिल्या दिवशी एकच धून मोबाइलवर रेकॉर्ड करा. पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी त्याच खोलीत, तेवढ्याच अंतरावरून तीच धून पुन्हा. कानाला रोजची सवय होते, फोनला होत नाही.

काही आठवड्यांनी पिक (तारा छेडायची छोटी चकती) लागते तिथे पापुद्रा उसवून पांढरट तंतू दिसू लागतील. घाबरू नका, ओढूनही काढू नका. तेवढ्यावरून तार बदलायची गरज नाही. सूर आणि नाद ठीक असेपर्यंत वाजवा.

वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार खालून-वरून पुसा. कोटेड तारेला खरखरीत कापड, लिंबू किंवा सॅनिटायझर लावू नका, आणि साध्या तारा उकळून घेण्याची जुनी युक्ती इथे करू नका. सिंहगडावर कांदाभजी खाऊन लगेच गिटार हातात घेणारे मी बरेच पाहिलेत. कोटिंग असलं तरी आधी हात धुवा. आणि जून ते सप्टेंबर गिटार भिंतीला टांगण्याऐवजी केसमध्ये ठेवा.

शेवटी रिकाम्या पाकिटावर मार्करने तारीख लिहा आणि ते केसमध्येच ठेवून द्या. पुढचा सेट घ्यायला जाल तेव्हा हेच पाकीट सोबत न्या.