स्क्रीन प्रिंटिंग: शाई निवडण्याआधी वस्तू ओळखा

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये कापड, कागद, काच, प्लॅस्टिक, लाकूड सगळ्यांवर छापता येतं, पण एकच शाई आणि एकच जाळी (चौकटीवर ताणलेलं विणीचं कापड, ज्यातून शाई दाबून खाली उतरवतात) सगळीकडे चालत नाही. सुती कापड शाई पितं, म्हणून त्याला जाडसर, म्हणजे विरळ विणीची जाळी लागते. सेंटिमीटरला 43 धाग्यांची साधारण बरी. कागदावर बारीक अक्षरं हवी असतील तर 90 ते 120 धाग्यांची घ्या, नाहीतर कडा फुटतात.

कापडावरच्या प्लॅस्टिसॉल (प्लॅस्टिकयुक्त) शाईबद्दल नीट लक्षात ठेवा: ती हवेत सुकतच नाही. बहुतेक प्लॅस्टिसॉलला साधारण 160 अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि तीही शाईच्या पूर्ण थरात पोचायला हवी. वरून कोरडी वाटली तरी आत कच्ची राहिलेली छपाई पहिल्या धुण्यातच तडकते. थंड झाल्यावर कापड हलकेच ताणून बघा; शाईला भेगा पडल्या तर ती अजून कच्ची आहे. पॉलिएस्टरवर मात्र इतकी उष्णता दिली तर कापडाचा रंग शाईत उतरतो, लाल कापडावरची पांढरी छपाई गुलाबी दिसू लागते. त्यासाठी कमी तापमानाला पक्की होणारी शाई मिळते, तीच वापरा.

काच आणि प्लॅस्टिक आधी स्पिरिटने पुसा, बोटांचा तेलकटपणाही शाईला धरू देत नाही. छपाई पूर्ण पक्की झाली की चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर शाई आली तर शाई बदला.

जाळी आणि वस्तूत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. स्क्वीजी (शाई दाबून ओढायची रबरी पट्टी) पुढे सरकताच जाळी मागून लगेच सुटली पाहिजे, नाहीतर छपाई फिसकटते.