रब्बीसाठी मोटार चालू करण्याआधी: स्टार्टर, आर्थिंग आणि ऑटोस्विच

दसरा उलटून रानाला वाफसा आला की विहिरीवरच्या मोटारी पुन्हा सुरू होतात. पावसाळाभर बंद राहिलेली मोटार मात्र थेट बटण दाबून चालू करू नका. ओलीमुळे वाइंडिंगचे इन्सुलेशन उतरलेले असते. स्टार्टरच्या पेटीत कुंभारमाशीची मातीची घरे असतात, कॉन्टॅक्टमध्ये कधी पालही चिकटून मेलेली सापडते.

आधी मेन स्विच बंद करा, तिन्ही कटआउट (फ्यूज) काढून खिशात ठेवा, मगच पेटी उघडा. कॉन्टॅक्ट काळे पडून खड्डे पडले असतील तर कानशीने घासत न बसता बदला. मोनोब्लॉकचा (मोटार आणि पंप एकत्र असलेल्या संचाचा) शाफ्ट हाताने फिरतो का ते पाहा. वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात तपासणी करून घ्या. १ मेगाओहमपेक्षा कमी आले तर टर्मिनलचे झाकण काढून मोटार उन्हात वाळवा आणि पुन्हा मोजा. पाणबुडी मोटारीत बहुतेक वेळा दोष केबलच्या जोडात निघतो. ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटार बंद करणारा भाग) नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावा. ५ एचपीला हा आकडा साधारण साडेसातच्या आसपास असतो. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून काटा पुढे सरकवून ठेवणे म्हणजे वाइंडिंग जाळण्याची तयारी.

आर्थिंगची परीक्षा बहुतेक जण बल्ब लावून करतात. १०० वॅटचा बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाहावर पेटतो, त्यामुळे तो पेटला याचा अर्थ आर्थिंग चांगले आहे असा होत नाही. समजा आर्थिंगचा रोध ५० ओहम आहे. फेज बॉडीला लागली तर जमिनीत फक्त पाचेक अँपिअर जातील, फ्यूज उडणार नाही आणि पेटी तशीच 'जिवंत' राहील. ४० मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप उभा पुरा, भोवती कोळसा आणि मीठ भरा, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा. मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र आर्थिंगच्या तारा हव्यात. बोअरचा पाइप किंवा खांबाचा ताण (आधाराची तार) हे आर्थिंग नव्हे. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर गळती होताच पुरवठा तुटतो. माणूस वाचवणारा भाग तो आहे.

आता ऑटोस्विच, म्हणजे वीज येताच मोटार आपोआप चालू करणारा स्विच. रात्रीच्या पाळीला उठायला नको म्हणून तो बसवला जातो, आणि ते समजण्यासारखे आहे. पण हिशोब पाहा. ६३ केव्हीएच्या रोहित्राची लघुदाब बाजूची क्षमता सुमारे ८४ अँपिअर, म्हणजे ५ एचपीचे दहा-अकरा पंप. थेट स्टार्टरवर मोटार सुरू होताना चालू प्रवाहाच्या सहापट, म्हणजे ४५ अँपिअर ओढते. वीज येताच दहाही पंप एकदम उठले तर ८४ च्या रोहित्रावर साडेचारशे अँपिअरचा झटका बसतो. डीपीतला (रोहित्राच्या पेटीतला) फ्यूज जातो. मग कोणीतरी ॲल्युमिनिअमची जाड तार गुंडाळतो, पुढच्या वेळी ती तार वितळत नाही आणि रोहित्रच जळते. गव्हाला विसाव्या दिवसाच्या सुमारास मुकुटमुळे फुटताना पहिले पाणी लागते. नेमके तेव्हा डीपीवरचे सगळेच थांबतात.

ऑटोस्विच काढणे सर्वांत चांगले. ते जमत नसेल तर टायमरवाला पॅनेल घ्या आणि डीपीवरच्या सर्वांनी मिळून वेळा ठरवा: एकाचा एक मिनिटाने, दुसऱ्याचा दोन मिनिटांनी, असे. सोबत सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटार बंद करणारा भाग, हवाच. एक फेज गेल्यावर कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार ओढणे बंद करा. डीपीतला फ्यूज स्वतः घालू नका, वायरमनला बोलवा.

कपॅसिटर ३ एचपीला १, ५ ला २ आणि साडेसातला ३ केव्हीएआर. तो स्टार्टरनंतर, मोटारीबरोबर चालू-बंद होईल असा जोडा. बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते, म्हणून लगेच हात लावू नका. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी माफ आहे, त्यामुळे कपॅसिटरवर खर्च कशाला, असे वाटते. पण तो बिलासाठी नाहीच. लाइनच्या टोकाला व्होल्टेज पडते ते त्याने सावरते. मंजूर भार ५ एचपी आणि विहिरीत साडेसातची मोटार, असे असेल तर वाढीव भाराचा अर्ज करून टाका.

ऊसतोडीआधी फडावरच्या झोळ पडलेल्या तारा पाहा. वाऱ्याने त्या घासल्या की ठिणगी पडते आणि फड पेटतो. लेखी अर्ज देऊन तारा ओढून घ्या. तक्रार १९१२ वर नोंदवता येते. उसाची किंवा कडब्याची गाडी तारेखालून नेताना वर कोणी बसू नये. हरभऱ्यातल्या रानडुकरांसाठी कुंपणात थेट वीज सोडणे गुन्हा आहे, आणि त्यात शेजारचा माणूसही जातो. कुंपणासाठीचे झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा ठोका देते; थेट वीज धरून ठेवते.

शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन बंद करा. स्विच दूर असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार बाजूला करा. उच्चदाब तार असेल तर तेही नको, पुरवठा बंद होईपर्यंत लांबच थांबा. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत. अपघातानंतर पुरवठा बंद ठेवून तार आणि स्टार्टर जागचे हलवू नका. विद्युत निरीक्षकांच्या चौकशीत तोच पुरावा असतो.