एकच प्रोग्रॅम विंडोज, लिनक्स आणि मॅकवर कसा चालवावा

सी किंवा सी++मध्ये लिहिताना प्रत्येक फंक्शनमध्ये इफडेफ (सिस्टिम पाहून कोड निवडणारी अट) पेरत जाऊ नका. जे तिन्हीकडे वेगळं आहे ते एका फोल्डरमध्ये काढा: हेडर (फंक्शनांची नावं सांगणारी फाइल) एकच, आतली फाइल ज्या त्या सिस्टिमची. कुठली घ्यायची ते बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅम तयार करणारी पायरी, ठरवेल.

लाँग या पूर्णांकाच्या प्रकारावर विसंबू नका. ६४ बिट विंडोजवर तो ४ बाइटचा असतो, लिनक्स-मॅकवर ८. फाइलीत जाणारा आकडा ठरलेल्या लांबीचाच हवा.

पाथ (फाइलचा पत्ता) हाताने जोडू नका, लायब्ररी वापरा.

आता खरी डोकेदुखी. पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमध्ये विंडोज, नाशिकच्या ऑफिसात मॅक, सर्व्हर लिनक्सचा. द्राक्षांच्या हिशेबात कुणीतरी ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाची फाइल पाठवणारच. ती फोल्डरमध्ये दिसते, पण प्रोग्रॅम म्हणतो, फाइल नाही. ‘यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) वापरा, झालं’ म्हणणाऱ्यांनी मराठीत फाइल कधी शोधलेली नसते.

गोम त्या ‘ऱ्या’त आहे. युनिकोडमध्ये ऱ एका कोडने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा सुटा. दिसायला सारखे, बाइट वेगळे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं सुटी करूनच साठवायची. लिनक्स मिळालेले बाइट जसेच्या तसे ठेवतं. मग दोन्ही नावं जुळणार कशी?

एनएफसी (सुटी चिन्हं जोडून एकच ठरलेलं रूप करायची युनिकोडची पद्धत) केलं की ही दोन रूपं एक होतात. पण तिसरं रूप उरतं: र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह). त्याला एनएफसी हातही लावत नाही. म्हणून तुलनेपुरता नियम स्वतः लिहा: या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. सगळे झेडडब्ल्यूजे सरसकट उडवायचा शहाणपणा मात्र नको, इतर जोडाक्षरांत लोक ते मुद्दाम घालतात.

हे बदललेलं रूप फक्त शोधण्यासाठी. फाइल उघडताना सिस्टिमने दिलेलं मूळ नावच वापरा, आणि लोकांच्या फाइलींची नावं परस्पर बदलू नका. विंडोजवर फाइल उघडणारं साधं एफओपन फंक्शन नाव स्थानिक कोडपेजमध्ये (त्या मशिनवर ठरलेल्या जुन्या अक्षरसंचात) वाचतं, तेव्हा तिथे यूटीएफ-१६ची फंक्शनं बोलवा. हे रूपांतर त्या वेगळ्या फोल्डरमध्येच राहू दे.

टेस्टमध्ये ‘दऱ्या’ नावाची फाइल तिन्ही रूपांत बनवा आणि प्रत्येक कमिटला (कोडमधला बदल नोंदवला की) टेस्ट तिन्ही सिस्टिमवर चालवा. लिनक्सवर पास झालं म्हणून पॅकहाउसला सेटअप पाठवू नका.