माटोळीचा हिरवा

शाळा सुटल्यावर मी ब्रश हातात घेतला तो थेट एकेचाळिसाव्या वर्षी, आणि तोही हौस म्हणून नव्हे. बाबा गेल्यावर दुसऱ्या वर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळी (आमच्या गोव्यात गणपतीच्या वर फळं-पानं टांगून सजवतात ती चौकट) बांधायला मी आणि चुलतभाऊ उभे राहिलो, तेव्हा कुठलं फळ कुठे असायचं ते कुणालाच नीट आठवेना. जुने फोटो काढले. सगळ्यांत गणपती आणि त्याच्यापुढे आम्ही. माटोळी मात्र वरच्या कडेला कापलेली. मग म्हटलं, आठवेल तसं कागदावर तरी काढून ठेवू.

नव्याने रंगवायला बसणारे मला हल्ली विचारतात, सुरुवात कशाने करू? आधी मी काय चुकलो ते सांगतो. चोवीस रंगांची पेटी आणली आणि कागद घेतला साधा, शाळेच्या ड्रॉइंग वहीचा. पाणी लागताच तो पापडासारखा वळला. जलरंगाला ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद लागतो. पैसे कमी असतील तर रंगांवर वाचवा, कागदावर नको. रंग सहा पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, एखादा लाल, अल्ट्रामरीन आणि सॅप ग्रीन. काळा घेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की त्याहून जिवंत गडदपणा मिळतो. पांढऱ्याचीही गरज नाही, तो कागदाचाच राखून ठेवायचा. हे राखणं जमायला मला वर्ष लागलं.

खरी परीक्षा हिरव्याची. गोव्यात जुलैत खिडकीबाहेर पाहा, हिरव्याचे किती प्रकार दिसतात! ट्यूबमधला हिरवा तसाच लावला तर शेत प्लास्टिकचं वाटतं. कोवळ्या भाताला लेमन यलो जास्त आणि अल्ट्रामरीन चिमूटभर. माडाच्या झावळ्यांना ऑकर. आंब्याच्या जुन्या पानाला सॅप ग्रीनमध्ये थोडा सिएना. माटोळीत तर सगळेच एकमेकांना लागून: कच्च्या सुपारीची शिपटी (घड), तवसं (मोठी काकडी), आंबाडे, कांगलां, तोरिंजन अशी फळं, शिवाय केवणीच्या झुडपाच्या सालीचे दोर, ते तपकिरी. एका रविवारी मी फक्त आंबाड्याचा हिरवा शोधत बसलो. अकरा चौकोन रंगवले, दोनच जवळपास आले. ते पान अजून ठेवलंय, कारण त्या दिवशी मी पहिल्यांदा आंबाडा नीट पाहिला. इतकी वर्षं नुसता खाल्ला होता!

मधल्या काळात भरकटलोही. इन्स्टाग्रामवर लोकांना आवडतं म्हणून चर्च, माड, होडी, सूर्यास्त असं रंगवत सुटलो. लाइक मिळाले. आईला एक घराचं चित्र दाखवलं तर म्हणाली, "कोणाचं रे हे घर? कॅलेंडरातलं?" आमचंच होतं. चिऱ्याची भिंत मी एकसारखी लाल केली होती. आमची भिंत पावसात खालून काळपट होते, वर शेवाळ धरतं, तुळशीवृंदावनाचा चुना एका बाजूनेच उडालाय. ते सगळं मी 'सुंदर' करून टाकलं होतं. माणसाने स्वतःच्या घराला फसवू नये, निदान आई जिवंत असताना तरी.

वर्ग लावणं जमत नसेल तर चित्रं बघायला जा. पणजीत फोंतैनासला फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. १८७० साली जन्मलेला हा गोंयकार मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकला, मोठमोठ्यांची व्यक्तिचित्रं त्याने केली, पण मी थांबतो ते त्याने काढलेल्या बायको-मुलींपुढे. घरातली माणसं विषय म्हणून कमी नसतात, हे तिथे पटलं. मोरजीला मोरजाईच्या देवळात कावीही पाहा: पांढऱ्या चुन्यावर लाल मातीचा थर आणि तो ओरखडून खालचा पांढरा बाहेर काढलेला. आम्ही कागदाचा पांढरा राखतो, तिथे तो कोरून काढतात.

पावसाळ्याबद्दल एक सांगायलाच हवं. जून ते सप्टेंबर रंग लवकर वाळत नाही. ओल्यावर ओलं करायचं असेल तर मजा, पण थरावर थर द्यायचा असेल तर हेअर ड्रायर हाताशी ठेवा. आणि चित्रं भिंतीला लागून ठेवू नका. माझी पहिली तीसेक चित्रं कपाटामागे होती. गणपती झाल्यावर काढली तर जवळजवळ सगळ्यांवर बुरशीचे तपकिरी ठिपके. दोनच वाचली. आता लाकडी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो आणि ऊन पडलं की बाहेर काढतो, पापड-सांडग्यांसारखी.

यंदा माटोळी चौथ्यांदा रंगवली. पूर्ण, वरच्या कडेला न कापता. आईने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. मग तवशावर बोट ठेवून म्हणाली, "हे कडेला नव्हतं. तुझे बाबा ते मधोमध बांधायचे, गणपतीच्या बरोबर वर."

कागद परत फळीला चिकटवलाय. तवशाची जागा पेन्सिलीने आखून झाली आहे.