जिनिंगमधली धूळ ओढायची कशी? या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

डिप्लोमा नाहीतर बी.एस्सी. झालेली आपल्याकडची पोरं विचारतात, "भाऊ, तुमच्या लाइनमध्ये नेमकं काय असते?" कारखान्यातली धूळ, धूर, वाफ कामगाराच्या नाकाशी पोचण्याआधीच ओढून घेणारी यंत्रणा तपासायची आणि बिघडली असेल तर नीट करवून घ्यायची, हे माझं काम. हिंगणघाट, वणी, यवतमाळ या पट्ट्यातल्या जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), अधूनमधून अकोल्याची एखादी दालमिल, वणीजवळच्या राजूरच्या चुनाभट्ट्या, असा माझा मुलूख.

जिनिंगमध्ये गेलात की मालक आधी ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा पंखा, दाखवतो. "पंधरा एचपीचा आहे साहेब, अजून काय पाहिजे?" ब्लोअर नंतर पाहा, आधी हूड पाहा, म्हणजे धूळ जिथून आत ओढली जाते ते पत्र्याचं तोंड. चुलीत फुंकणीने हातभर लांबून फुंकलं तरी निखारा फुलतो, पण त्याच फुंकणीने ओढून पाहा, राखेचा कणही हलत नाही. पाइप एक फूट व्यासाचा असेल, तर तोंडापासून फूटभर अंतरावर ओढीचा वेग तोंडाशी असतो त्याच्या जेमतेम दहा टक्के उरतो. त्यामुळे प्री-क्लीनरच्या (जिनिंगआधी कापूस झाडणाऱ्या यंत्राच्या) वर चार फुटांवर टांगलेलं छत्रीसारखं हूड म्हणजे फक्त शोभा. मोठा पंखा बसवून हे सुधारत नाही. त्याच पाइपातून दुप्पट हवा ओढायची तर आठपट वीज लागते. त्यापेक्षा हूड खाली आणा, तीन बाजूंनी पत्रा मारा, कापूस पडतो तेवढंच तोंड उघडं ठेवा. 1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 14 हेच सांगायचं: धूळ निघते तिथून शक्य तितक्या जवळून ओढा आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करा. आता त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली, तरी हवेचा नियम तोच आहे.

हूडनंतर पाइप. रुईची हलकी धूळ वाहून न्यायला सेकंदाला साधारण 13 ते 15 मीटर वेग लागतो, चुनखडीसारख्या जड भुकटीला 18 ते 20. वेग कमी पडला की धूळ पाइपात बसते, पाइप अरुंद होतो आणि ओढ आणखी घटते. काठीने पाइपावर टिचकी मारत चला, बद्द आवाज आला तिथे माल साचलेला असतो. आपल्याकडचा फॅब्रिकेटर कापायला सोपं म्हणून काटकोनी एल्बो करतो. त्याला व्यासाच्या दुप्पट त्रिज्येचा गोल बेंड मागा, आणि फांदी, म्हणजे बाजूने येणारा पाइप, मुख्य पाइपाला आडवी न जोडता 30 अंशांत तिरपी जोडायला सांगा. तो कुरकुरेल. पत्रा जास्त लागतो, कुरकुरणारच.

एक बिघाड मला वारंवार दिसतो. पावसाळ्यात मोटर रिवाइंडिंगला जाते आणि परत जोडताना दोन फेज अदलाबदल होतात. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर फेकतो, फक्त खूप कमी. आवाज येतो, पट्टा फिरतो, सगळं चालू दिसतं, त्यामुळे संशय कुणालाच येत नाही. केसिंगवर, म्हणजे पंख्याच्या बाहेरच्या कवचावर, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, हंगामाच्या पहिल्याच दिवशी तो पाहा. बाण रंगाखाली गेला असेल तर खरडून काढा.

मोजमापासाठी पिटोट ट्यूब (हवेचा वेग मोजायची नळी) आणि दाब दाखवणारी रंगीत पाण्याची यू-नळी पुरते. प्रत्येक हूडच्या मागे पाइपाला एक बारीक भोक ठेवा, यंत्रणा ठणठणीत असताना तिथला दाब मोजा आणि तो आकडा हूडवरच रंगाने लिहून ठेवा. पुढच्या वेळी आकडा हलला असेल तर कुठेतरी चोक आहे, गळती आहे, नाहीतर फिटरने मधेच एक जास्तीची फांदी मारली आहे. हवेचा रोख पाहायला इतरत्र अगरबत्ती चालते. जिनिंगमध्ये तिचं नावही काढू नका. काडीला रुईचे चार तंतू चिकटवा, ते कुठे ओढले जातात ते दिसतं.

फुफ्फुसात खोल जाणारी बारीक धूळ साध्या उजेडात दिसतच नाही. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा झोत येत असेल तर त्याच्याकडे तोंड करून, पण ऊन थेट डोळ्यात येणार नाही अशा आडोशाला उभे राहा, आणि झोतात काय तरंगतं ते बघा. ऊन नसेल तेव्हा चांगला टॉर्च चालतो. मालकालाही तिथेच उभं करा. अहवालाच्या दहा पानांनी होत नाही ते त्या दोन मिनिटांत होतं.

सायक्लोनवर, म्हणजे हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणाऱ्या पत्र्याच्या शंकूवर, फार विसंबू नका. जाड कचरा तो पकडतो, पण पाच मायक्रॉनच्या खालची धूळ बरीचशी निसटते, तिला कापडी पिशव्यांतून हवा गाळणारा बॅग फिल्टरच लागतो. सायक्लोनच्या बुडाशी फट असेल तर तिथून हवा आत शिरते आणि खाली बसलेली धूळ पुन्हा वर उचलते. सायक्लोनचं तोंड कुठे उघडतं तेही पाहा. कवडी (खराब, डागी कापूस) वेचणाऱ्या बायका नेमक्या त्याच्याच खाली बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

कामगाराला "दम लागतो का?" असं विचारलं तर उत्तर "नाही जी" हेच येतं, कारण रोजी जायची भीती असते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कसं वाटतं ते विचारा. "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी छाती आवळून येते, मंग बरं वाटते," असं कुणी म्हणालं तर कान टवकारा. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची सुरुवात अशीच असते, आणि तो कायद्याने कळवायच्या रोगांपैकी आहे. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याने ही धूळ अडत नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर महाराष्ट्र तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा प्रगत पदविका अभ्यासक्रम आहे, मुंबईला शीवची केंद्रीय श्रम संस्थाही आहे. कापसाचं यंत्र समजून घ्यायचं असेल तर नागपूरला सिरकॉटचं (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं) जिनिंग प्रशिक्षण केंद्र जवळ पडतं. पण त्याआधी महिनाभर एखाद्या पत्र्याच्या वर्कशॉपात बसा, असं माझं मत. ज्याला बेंड कसा कापतात ठाऊक नाही, त्याच्या ड्रॉइंगवर फॅब्रिकेटर हसतो आणि स्वतःच्या मनाचं करतो.

काम मिळवायला डिसेंबरात फिरू नका. गाड्यांची रांग लागलेली असताना कुणीही मालक रेचे (सरकी काढायची यंत्रं) बंद करत नाही. हंगाम सरला की एप्रिल-मेमध्ये गाठा. तेव्हा मशीन उघडलेली असते, फॅब्रिकेटर रिकामा असतो, आणि मालकाला गाठीत किती कचरा गेला आणि भाव कुठे कापला गेला ते ताजं आठवत असतं. बोलणं तिथूनच सुरू करा.